बोटाखालचा तंगूस

गळ-दोऱ्यांच्या दुकानातल्या ताईंना फरशीवाले पहिल्यांदा दिसले, तेव्हा ते दुकानातल्या एकाही वस्तूकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, ताई काउंटरमागे बसून शिशाची वजनं आकाराप्रमाणे डब्यांत लावत होत्या आणि दारातून आत आलेला हा उंच, सुकट, पांढऱ्या भुवयांचा माणूस चपलेच्या टोकाने तिसऱ्या ओळीतली एक फरशी दाबून बघत होता.

"ही फरशी कोणी घातली?" त्याने विचारलं.

"माझ्या वडिलांनी घालून घेतली होती. का?"

"घालणाऱ्याने डोळे मिटून घातलीय. पाणी ओतलंत तर ते दाराकडे जाणार नाही, तुमच्या पायाशी येईल."

"वीस वर्षं रोज पुसते मी ही फरशी."

"पुसता. धुतली नसेल कधी." मग जणू आता दुकानाची परीक्षा संपली अशा आवाजात तो म्हणाला, "अर्ध्या मिलिमीटरचा तंगूस द्या. बिनरंगाचा. निळा-गुलाबी नको, माशाला नटवायचं नाहीये मला."

तो गेल्यावर ताईंनी दार लोटून घेतलं आणि तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, वळलं आणि काउंटरखालच्या खोक्यांत शिरलं. ताईंना राग आला. फरशीचा नव्हे, तो माणूस बरोबर निघाला, याचा.

त्यानंतर हे गृहस्थ दर आठ-पंधरा दिवसांनी यायला लागले. त्यांचं नाव काय, हे विचारायची वेळ कधी आलीच नाही, कारण सगळे त्यांना फरशीवालेच म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी फरशा बसवल्या होत्या. इस्पितळाचे जिने त्यांचे, बँकेचा दिवाणखान्यासारखा गुळगुळीत हॉल त्यांचा, गावातल्या निम्म्या घरांची न्हाणीघरं त्यांची. निम्मं गाव त्यांनी समतल करून दिलेल्या जमिनीवरून रोज चालत होतं, आणि त्या चालणाऱ्यांबद्दल फरशीवाल्यांचं मत मुळीच बरं नव्हतं. सिमेंट वाळायच्या आत कपाटं ओढणारे, ॲसिडने फरशी घासणारे, सांध्यांतली माती चाकूने खरवडणारे असे तीनच जातींचे लोक जगात असतात, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

गरी टाकून मासे मारायला बसणाऱ्यांबद्दल तर विचारायलाच नको. घडीची खुर्ची घेऊन येणारा आळशी. टोपी घालून येणारा शिष्ट. मासा लागल्यावर आधी फोटो काढणारा, त्याच्याविषयी ते बोलतच नसत. नुसतं नाक मुरडत. पण त्यांचा खरा दात होता तो विणलेल्या दोऱ्यावर.

ज्यांनी कधी गळ हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. तंगूस म्हणजे नायलॉनचा सलग, एकेरी, काचेसारखा पारदर्शक दोरा. ओढला की थोडा लांबतो, सोडला की मागे येतो. विणलेला दोरा म्हणजे केसाहून बारीक धाग्यांची वेणी. तेवढीच ताकद हवी, तर तो तंगुसाच्या निम्म्याहून बारीक पुरतो, म्हणून लांब जातो. पण ओढला तरी तो जराही लांबत नाही. ताईंच्या दुकानात डावीकडच्या कपाटात तंगूस आणि उजवीकडच्या काचेत विणलेला दोरा अशी मांडणी होती, आणि फरशीवाले त्या उजव्या बाजूकडे पाठ करूनच उभे राहत.

"ताई, ही वेणी कशाला ठेवता दुकानात?"

"लोक मागतात म्हणून."

"लोक काय, विषही मागतील. अहो, खडकावर कालवं असतात, धारदार. तंगूस घासला तर ओरखडा पडतो, तरी तो तग धरतो. वेणीचा एक धागा तुटला की बाकीचे त्याच्या मागे चालू लागतात, मेंढरांसारखे. मासा राहतो समुद्रात, वेणी राहते खडकात आणि हा शहाणा राहतो उभा."

यात खोटं काहीच नव्हतं. तेव्हा ते बंदराच्या धक्क्यापलीकडच्या काळ्या खडकांवर बसत, आणि खडकांवर त्यांच्याइतके मासे कुणीच काढत नसे. ताईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ओली बोटं दोऱ्यावर अलगद टेकवून ते बसत, तळहाताने फरशीची पातळी बघावी तसे, आणि मासा आमिषाला नुसता नाक लावून गेला तरी त्यांना कळे. गाठ मात्र त्यांना एकच येत असे, पाच वेढ्यांची. "एक येते ती पक्की येते," ते म्हणत. "बारा गाठी येणारा माणूस बाराव्यांदा फसतो."

दुकानात एक दातांचे डॉक्टर येत. वय पस्तिशीचं, हौशी, हसतमुख, अंगात भरपूर खिशांचं जाकीट. फरशीवाल्यांनी पहिल्याच दिवशी ते खिसे मोजले. "चौदा," त्यांनी ताईंना सांगितलं, डॉक्टर समोर उभे असताना. "खिसे चौदा, मासे शून्य." त्या दिवसापासून ते डॉक्टरांशी थेट बोलत नसत. जे काही बोलायचं ते ताईंच्या मार्फत, मध्ये वकील ठेवल्यासारखं.

एकदा डॉक्टर घाईघाईने आले. हातातलं, गळाच्या काठीचं रीळ त्यांनी काउंटरवर आपटलं. "ताई, हा दोरा बदलून द्या. मासा लागला, मी मूठ फिरवतोय, फिरवतोय, हात दुखायला आले, आणि दोरा जागचा हलत नाही! मासा गेला निघून."

कोपऱ्यात गळांच्या पाकिटांवर तोंडसुख घेत उभे असलेले फरशीवाले पुढे आले. त्यांनी रीळ एका बोटाने ढकललं. गुंडाळलेला सगळाच्या सगळा दोरा धातूच्या गाभ्यावर गरगर फिरला. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"ताई, दातवाल्यांना सांगा, वेणी नुसत्या धातूवर धरत नाही. ती बुळबुळीत असते. खाली आधी तंगुसाचे दहा-बारा वेढे घालायचे, त्यावर ती बांधायची. सिमेंट न टाकता फरशी ठेवली तर काय होईल? पाय ठेवला की सरकेल."

"मी ऐकतोय, काका," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना सांगा, ऐकत असतील तर फारच उत्तम."

डॉक्टर गेल्यावर ताई म्हणाल्या, "ज्या वस्तूचा इतका तिटकारा, तिची एवढी माहिती कशी हो तुम्हाला?"

"शत्रूचं घर माहीत असावं," ते म्हणाले आणि उरलेला दिवसभर खुशीत राहिले असावेत, कारण संध्याकाळी रस्त्याने जाताना दुकानात डोकावून पुन्हा एकदा हसून गेले.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आधी त्यांनी काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, हल्लीच्या फरशा म्हणजे रंग मारलेला पुठ्ठा, त्यांना हात लावायची लाज वाटते. नंतर त्यांनी खडक सोडले. छत्तीस वर्षं जमिनीवर टेकलेल्या गुडघ्यांना निसरडे खडक झेपत नव्हते, हे ताईंना त्यांची पायरी चढण्याची तऱ्हा बघून कळत होतं, त्यांच्या तोंडून मात्र आलं ते असं, "खडकांवर आता गाढवांची गर्दी झालीय. मी वाळूवर बसतो."

वाळूचा किनारा गावाच्या दक्षिणेला, लांबच लांब आणि मोकळा. तिथे मासा पायाशी नसतो. लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे, शंभर पावलं लांब शिसं फेकावं लागतं. फरशीवाले तिथे जाऊ लागले आणि रिकाम्या हाताने येऊ लागले.

आपल्यात काही उणं असेल ही शंका त्यांना आयुष्यात कधी शिवली नव्हती. तेव्हाही शिवली नाही. त्यांनी आधी समुद्राला दोष दिला, मग माशांना. "हल्लीचे मासेही फुकटे झालेत. आमिष खातात आणि पसार." शेवटी ते ताईंच्या काउंटरपाशी आले आणि तंगुसाचं आख्खं बंडल त्यांनी काचेवर ठेवलं.

"हा माल कुजका आहे."

ताईंचा चेहरा उतरला. ऊन लागलं की नायलॉन खराब होतो म्हणून त्यांचे वडील तंगूस लाकडी कपाटात, काळ्या कापडाखाली ठेवत. ताईही तसाच ठेवत. आजवर कुणी हा शब्द काढला नव्हता.

"कुजका म्हणजे? तुटला?"

"तुटला असता तर बरं. याच्यातून मासा कळतच नाही. मेलेला दोरा आहे."

ताईंनी मुकाट्याने दुसरा दिला. तीन आठवड्यांनी तो परत आला. तिसरा दिला, तोही परत आला. तिसऱ्या वेळी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि फरशीवाल्यांनी त्या चौघांना उद्देशून ताईंच्या वडिलांचं दुकान आणि आताचं दुकान यांतला फरक समजावून सांगितला. ताईंनी मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "ज्याला सगळं जग वाकडं दिसतं, त्याने स्वतःची मान तपासावी," एवढं मात्र त्या उघड बोलल्या. फरशीवाल्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. जाताना ते आपल्या काठीचं मोठं रीळ काउंटरवर टाकून गेले: "यावर काहीतरी धड घाला. काही धड असेल तर."

दुसऱ्या दिवशी एक बुटक्या, चटपटीत बाई दुकानात आल्या. भाजीची पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही, या हातातून त्या हातात घेत राहिल्या.

"मी फरशीवाल्यांची बायको. तुमच्याकडे आमच्या ह्यांनी काही तमाशा केला का काल?"

"तसं काही नाही, काकू."

"केलाच असेल. घरी येऊन सांगत होते, म्हणजे केलाच." त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, एक विचारू? मी गेल्या आठवड्यात त्यांच्यासोबत किनाऱ्यावर गेले होते. तीन वेळा गळ बाहेर काढला, तिन्ही वेळा आमिष फस्त. काठीचं टोक चांगलं हलत होतं हो, मला लांबून दिसत होतं. पण त्यांची नजर त्या टोकावर नव्हती, बोटांवर होती. मी म्हटलं, अहो, हललं की. तर मला म्हणतात, वारा आहे. मला काय कळतं त्यातलं! पण आता म्हणतात, सगळं सामान भंगारात देतो. कामही नाही आणि हेही नाही, असा हा माणूस घरात बसला तर..." काकूंनी पिशवी पुन्हा दुसऱ्या हातात घेतली. "काल भिंतीकडे तोंड करून दुपारभर बसले होते. मी भांडायला गेले, तरी भांडले नाहीत. तीस वर्षांत असं झालं नाही."

ताईंना त्याचा अर्थ त्या दिवशी लागला नाही. तो लागला पुढच्या आठवड्यात, आणि तोही फरशीवाल्यांच्याच तोऱ्यामुळे.

ते आपलं रीळ न्यायला आले होते. दातांचे डॉक्टर विणलेला हिरवा दोरा घेत होते. ताईंनी तो मापाला काढला होता, हातभर टोक काचेवर लोंबत होतं.

"ताई, दातवाल्यांना विचारा, या वेणीत त्यांना काय दिसतं?"

डॉक्टर या खेळाला आता सरावले होते. "ताई, काकांना सांगा, लांबवरचा मासाही हातात कळतो. दोरा लांबत नाही ना, म्हणून टोकाचं सगळं मुठीत येतं."

"मुठीत येतं!" फरशीवाल्यांनी ते लोंबतं टोक उचललं. पहिल्या दोन बोटांभोवती दोन वेढे घेतले, दुसऱ्या हाताने रिळाकडचा भाग धरला आणि ते जोर लावून ओढू लागले. "बघा. ढील आहे का? नाही. लवचिकपणा आहे का? नाही. तार आहे ही. माणूस आणि मासा यांच्यात थोडी उसंत हवी, दम खायला जागा हवी. मासा उसळला की तंगूस देतो, मग घेतो. ही बया काही देत नाही. हिच्यापेक्षा तारेचं कुंपण टाकावं समुद्रात..."

काचेवर लाल ठिपका पडला. मग दुसरा. मग एक ओघळ त्यांच्या मनगटापर्यंत आला. दोरा दोन्ही बोटांत रुतला होता आणि फरशीवाले ओढत होते, बोलत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छतेशिवाय काहीही नव्हतं.

"काका," ताई म्हणाल्या, "हात."

"हाताचं काय?" ते म्हणाले, आणि मग खाली बघितलं. ते रक्त दुसऱ्या कुणाचं असावं तसे ते त्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी दोरा सोडवला, त्या चौदांपैकी एका खिशातून कापूस काढला, जखम बांधली. बोलता बोलता त्यांनी फरशीवाल्यांच्या बोटांच्या टोकांवर स्वतःचं नख धरलं. "इथे लागतंय का, काका?"

"लागतंय."

डॉक्टरांनी अजून दाबलंच नव्हतं.

फरशा कापायचं यंत्र छत्तीस वर्षं त्या हातांत थरथरत होतं, हे ताईंनाही ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही. "नसांच्या डॉक्टरांना एकदा..." एवढं डॉक्टर बोलले.

"दातवाल्यांनी दात बघावेत," फरशीवाले म्हणाले. या वेळी ते ताईंकडे बघत नव्हते, कुणाकडेच बघत नव्हते. बांधलेला हात खिशात घालून ते निघून गेले. रीळ काउंटरवरच राहिलं.

तीन आठवडे ते आले नाहीत. मग काकूंचा निरोप आला: भंगारवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय, तुमच्याकडचं रीळही त्यालाच देऊन टाका म्हणाले.

ताईंनी त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. रिळाच्या गाभ्यावर आधी तंगूस घातला. त्यावर दीडशे पावलं पुरेल इतका हिरवा विणलेला दोरा भरला. आता पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडायचा होता, काठीच्या दुप्पट लांब आणि वर रिळाला पाच-सहा वेढे बसतील इतका. ती जोडगाठ ताईंना येत होती, पण तिच्यावर एखाद्याचं शेवटचं सामान टांगायचं म्हटल्यावर त्यांचा हात धजेना. त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी समोरच्या रोग्याचं काम उरकलं, दिव्याखाली रीळ धरलं आणि चिमट्याने, एकेक वेढा मोजत, गाठ बांधून दिली.

फरशीवाल्यांच्या घरातली जमीन सात रंगांची होती, कारण ती लोकांच्या कामांतून उरलेल्या फरशांची होती. पण पातळी अशी की गोटी ठेवली तर जागची हलणार नाही. त्या जमिनीवर भिंतीशी काठ्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. फरशीवाले त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

हात कसा आहे, हे विचारायचं ताईंच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. या माणसाला मायेने विचारलं तर तो दार दाखवील, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"रीळ आणलंय," त्या म्हणाल्या. "दुकानात जागा अडवून बसलं होतं."

"त्या ढिगावर ठेवा."

"ठेवते. वर काय गुंडाळलंय ते बघून घ्या, नाहीतर उद्या म्हणाल, कुजका माल भंगारातही चालत नाही."

फरशीवाल्यांनी मान वळवली. हिरवा रंग त्यांना दिसला. "माझ्या रिळावर? वेणी?"

"हो."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तुमच्या मताला आता किंमत राहिली नाही, काका. खडकांवर तुमचं बरोबर होतं. पण खडकांवर जाऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. वाळूवर कालवं असतात का? घासायला आहे काय तिथे? शंभर पावलं लांब मासा, मध्ये शंभर पावलं रबर, आणि तुम्ही म्हणता, कळत नाही. कळेल कसं? तोंड वाळूवर आणि अक्कल अजून खडकांवर, असं चाललंय तुमचं."

आतून चहाचे कप घेऊन येणाऱ्या काकू दारातच थबकल्या. या घरात त्यांच्याखेरीज हे कुणी बोललं नव्हतं.

फरशीवाल्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "फेकताना बोट कापेल." ते हळू बोलले. बोट कापेल आणि कळणारही नाही, हे त्यांनी म्हटलं नाही.

"कापणार नाही. पुढे जाड तंगूस जोडलाय, रिळावर त्याचे सहा वेढे आहेत. फेकताना बोटाखाली तंगूसच येतो. तुमचाच, अर्ध्या मिलिमीटरचा."

"जोडगाठ कुणी बांधली?"

"दातांच्या डॉक्टरांनी."

"मग झालंच!" ते म्हणाले, पण हात पुढे केला. ताईंनी रीळ दिलं. त्यांनी दोरा ओढून गाठ शोधली. अंगठ्याने ती चाचपली, पुन्हा चाचपली आणि सोडून दिली. मग त्यांनी ती गाठ उचलून ओठांवरून फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून, डोळे मिटून. ते इतक्या सवयीने केलं, की हा माणूस कितीतरी दिवस असंच सगळं तपासतोय, हे ताईंच्या लक्षात आलं. काकूंनाही ते ठाऊक नसावं. त्या हातातले कप विसरून बघत होत्या.

"खडबडीत आहे," फरशीवाल्यांनी निकाल दिला. मग थोड्या वेळाने, "सुटणार नाही, पण."

"उद्या भंगारवाल्याला काय सांगू?" काकूंनी विचारलं.

"त्याला सांग, परवा ये."

परवा म्हणजे ताईंच्या दुकानाच्या सुट्टीचा दिवस. सकाळी आठला त्या किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा फरशीवाले वाळूत उभे होते आणि काकू थोड्या मागे, चपला हातात घेऊन. आमिष काकूंनीच लावलं. फरशीवाल्यांनी जाड तंगूस बोटाखाली घेतला, काठी मागे नेली आणि फेकली. शिसं इतकं लांब गेलं की ते पाण्यात पडलेलं काकूंना दिसलंच नाही.

"गेलं बिचारं," फरशीवाले म्हणाले. "वेणीला लाज नाही, कुठेही जाते."

मग त्यांनी ताईंना कधी न दिसलेली गोष्ट केली. काठीचं बूड त्यांनी मुठीतून वर सरकवलं आणि गळ्याखालच्या डाव्या हाडाला टेकवलं. बोटं नुसती आधाराला ठेवली.

आणि त्यांची टकळी सुरू झाली. "वारा बोलतोय. आता लाट. आता शिसं वाळूवर घसरलं. अरे, गप्प बसेल तर शपथ! हा दोरा नाही, ही गावभवानी आहे, सगळीकडचं सगळं आणून सांगते. तंगूस शहाणा होता, ऐकण्यासारखं असेल तेवढंच सांगायचा. हे असलं ऐकत बसायचं म्हणजे..."

ते वाक्याच्या मध्येच थांबले. काकूंनी ताईंचा दंड धरला. काठीचं टोक हललेलं ताईंना तरी दिसलं नाही. फरशीवाल्यांनी मात्र खांद्यासकट काठी मागे ओढली आणि रीळ फिरवायला लागले.

शेवटी वाळूवर आला तो मासा बोटभर होता. चांदीच्या रंगाचा, डोळे वटारलेला, गळापेक्षा फार मोठा नव्हे. फरशीवाल्यांनी तो तळहातावर घेतला.

"काय हे ध्यान," ते म्हणाले. "याच्यासाठी शंभर पावलं. याच्या आईबापांना लाज वाटत असेल." पण ते त्याला धरूनच उभे राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, मरेल तो." तेव्हा त्यांनी तो परत पाण्यात सोडला, ओला तळहात शर्टाला पुसला आणि काकूंपुढे गळ धरला. "आमिष लाव. जरा मोठं लाव, भिकाऱ्याला घातल्यासारखं नको."

ताईंनी कौतुकाचा शब्द काढला असता, तर फरशीवाल्यांचा अपमान झाला असता आणि त्यांनी दोऱ्याला आणखी शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी भंगारवाला आला की नाही, ते ताईंनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात फरशीवाले दुकानात आले आणि हिरवा रंग फारच भडक आहे, राखी नाही का, असं विचारू लागले. ताईंनी राखी काढून दाखवला. तोही त्यांनी नावं ठेवूनच घेतला.

नसांच्या डॉक्टरांकडे काकू त्यांना शेवटी घेऊन गेल्या. बोटांतलं जे गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. फरशीवाल्यांना आता सदुसष्ट पूर्ण झाली आहेत. खडकांवर ते जात नाहीत. आठवड्यातून चार दिवस, सकाळी आठ ते अकरा, ते वाळूवर असतात. आमिष काकू लावतात.